ऐंशी मिलिमीटरचं आभाळ

हंस तारकासमूहातला 'नॉर्थ अमेरिका' तेजोमेघ पाहायचा असेल तर मोठी दुर्बीण घरी ठेवून यावं. पहिल्यांदा आलेली माणसं हे ऐकून हसतात. दुर्बीण जितकी मोठी तितकं जास्त दिसणार, ही समजूत शाळेपासून पक्की झालेली असते, आणि शनीची कडी किंवा चंद्रावरची विवरं पाहायची असतील तर ती बरोबरही आहे. पण हा तेजोमेघ आकाशात सुमारे दोन अंश पसरलेला आहे, म्हणजे पौर्णिमेचे चार चंद्र ओळीने मांडले तर होतील एवढा. आठ इंची आरशाची, १२०० मिलिमीटर नाभीय अंतराची दुर्बीण घ्या आणि तिला नेहमीची २५ मिलिमीटरची नेत्रिका लावा. वर्धन ४८ पट मिळतं आणि आकाशाचा जेमतेम एक अंश डोळ्यात मावतो. तेजोमेघ समोरच असतो, पण आपण त्याच्या पोटात शिरलेले असतो. कड कुठेच सापडत नाही, त्यामुळे इथे काही आहे हेच कळत नाही.

आता ८० मिलिमीटर भिंगाची, ४०० मिलिमीटर नाभीय अंतराची आखूड दुर्बीण घ्या. ३२ मिलिमीटरच्या नेत्रिकेतून वर्धन फक्त साडेबारा पट, पण आकाश जवळजवळ चार अंशांचं. तेजोमेघ पुरा मावतो आणि त्याच्या चारही बाजूंना काळं आकाश उरतं. डोळ्याला फरक कळतो तो या उरलेल्या काळ्यामुळे.

ही अडचण नवी नाही. विल्यम हर्शेल १७८४ च्या सप्टेंबरात हंसातल्याच 'व्हेल' तेजोमेघापाशी पोचले. हा एका फुटलेल्या ताऱ्याचा तुटक्या कंकणासारखा अवशेष आहे आणि त्याचा सगळा पसारा तीन अंशांच्या घरात जातो. हर्शेल यांच्या दुर्बिणीत एका वेळी दिसणारं आकाश चंद्रबिंबाच्या निम्म्या रुंदीएवढं होतं. साहजिकच त्यांना कंकण दिसलं नाही, तुकडे दिसले. दोन दिवसांच्या अंतराने त्यांनी ते वेगवेगळे म्हणून नोंदवले आणि आजही यादीत त्यांना वेगवेगळे क्रमांक आहेत. १७८६ मध्ये 'नॉर्थ अमेरिका'चा धूसर उजेडही त्यांनी टिपला होता. त्यात खंडाचा नकाशा दिसायला मात्र १८९० साल उजाडावं लागलं, जर्मनीत माक्स वोल्फ यांनी रुंद क्षेत्राचं छायाचित्र घेतलं तेव्हा.

आपल्याकडेही हेच गणित मांडता येतं. घोडेगावजवळ गिरवलीच्या डोंगरावर आयुका या खगोलसंस्थेची दोन मीटर आरशाची दुर्बीण आहे. २००६ मध्ये तिचं लोकार्पण झालं. तिच्या मुख्य कॅमेऱ्यात आकाशाचा साधारण दहा कलांचा, म्हणजे एका अंशाच्या सहाव्या हिश्शाचा चौकोन येतो. दूरच्या आकाशगंगेचा वर्णपट घ्यायला ती बांधली आहे आणि ते काम ती चोख करते. आम्ही न्हावऱ्याच्या बांधावर ठेवतो ती हातभर लांबीची नळी जे करते, ते करायचं तिला कारणच नाही.

न्हावरे शिरूर तालुक्यात, शिरूर–चौफुला रस्त्यावर आहे. घोडगंगा साखर कारखान्याचं गाव म्हणून ते पंचक्रोशीत माहीत. दक्षिणेकडे भीमा ओलांडली की दौंड तालुका लागतो. जमीन सपाट, डोंगर दूर, क्षितिज चारही बाजूंनी मोकळं. पुण्याच्या हौशी आकाशनिरीक्षकाला भोर-वेल्ह्याच्या घाटात याहून काळं आकाश मिळतं, पण तिथे डोंगर दक्षिण क्षितिज खातात आणि धुकं लवकर उतरतं. न्हावऱ्याचं आकाश पहिल्या प्रतीचं नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. पश्चिमेला पुण्याच्या उजेडाचा तांबूस फुगवटा रात्रभर विझत नाही. वायव्येला रांजणगावची औद्योगिक वसाहत, उत्तरेला शिरूर, आग्नेयेला दौंड. डोक्यावरचं आभाळ मात्र चांगल्या रात्री अजून आकाशगंगा दाखवतं. दक्षिणेकडे चौफुला-केडगावच्या बाजूला थोडा उजेड आहे, तो चालवून घेण्याजोगा.

इथल्या रात्री निर्जन असतात अशी कुणाची कल्पना असेल तर ती सोडून द्यावी. शेतीच्या पंपांना थ्री-फेज वीज पाळीने मिळते. पाळी रात्रीची असली की माणसं मध्यरात्री दारं धरायला शेतात येतात. हातात बॅटरी, पायात गमबूट आणि तोंडी पहिला प्रश्न ठरलेला.

"काय, सर्व्हे चाललाय का सर?"

नाही म्हटलं, तारे बघतोय, की दुसरं वाक्यही ठरलेलंच. "बघा, पण उसाकडं पाठ करून बसू नका." हा उगाच घातलेला धाक नाही. शिरूर, जुन्नर, आंबेगावच्या उसात बिबटे राहतात, पिल्लं घालतात आणि वस्तीवरची कुत्री उचलतात. म्हणून इथे एकट्याने बसायचं नाही, मोबाइलवर गाणी बारीक आवाजात चालू ठेवायची आणि खुर्ची फडापासून लांब, गाडीला लागून मांडायची. आकाशनिरीक्षणाच्या इंग्रजी पुस्तकांत हे प्रकरण नसतं.

एकदा असेच दारं धरायला आलेले एक काका थांबले. मृग वर आला होता. त्याच्या पोटातल्या तीन ताऱ्यांखाली, तलवारीच्या जागी जो तेजोमेघ आहे, तो नळीत धरून दिला. डोळा लावल्यावर बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चुलीचा धूर बसल्यावानी दिसतंय." अगदी बरोबर. पुस्तकातला गुलाबी-जांभळा रंग त्यांनी पाहिला नव्हता, म्हणून जे दिसलं तेच सांगितलं. शहरातून आलेली, फोटो पाहून आलेली मंडळी याच जागी "एवढंच?" असं विचारतात. "टॉर्च लावू का, नीट दिसंल," असंही काका वर म्हणाले. त्यांना आवरावं लागलं, कारण अंधाराला सरावलेला डोळा एका झोतात बिघडतो आणि पुन्हा सरावायला अर्धा तास लागतो.

रंग का दिसत नाही आणि दुर्बीण मोठी केली तरी फारसा का दिसणार नाही, हे कळलं की लहान नळीबद्दलचा संशय फिटतो. तारा हा बिंदू आहे. भिंग मोठं केलं की जास्त प्रकाश त्याच एका बिंदूत येतो आणि तारा उजळतो. तेजोमेघ पसरलेला असतो. दुर्बीण जास्त प्रकाश गोळा करते खरी, पण वर्धनामुळे तो तितक्याच मोठ्या जागेवर पसरते. परिणामी कोणतीही दुर्बीण पसरट वस्तूची दर चौरस तेजस्विता नुसत्या डोळ्याला असते त्याहून वाढवू शकत नाही. फार तर तिच्या जवळ नेऊ शकते. नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी आणि अंधारात फाकलेल्या बाहुलीची रुंदी जुळली म्हणजे ती हद्द गाठली. तरुण डोळ्याची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते, पन्नाशीनंतर बहुतेकांची पाचाच्या आसपास अडते. वर सांगितलेल्या आखूड दुर्बिणीतून निघणारा झोत ६.४ मिलिमीटरचा असतो. म्हणजे एखादा लाख रुपयांचा मोठा आरसा जी तेजस्विता देईल, तीच ही नळी देते. मोठ्या आरशात तेजोमेघ मोठा दिसतो आणि त्यामुळे बारकावे जास्त उलगडतात, हा फायदा खरा आहे. पण जो मुळात मावतच नाही त्याचे बारकावे घेऊन काय करायचं?

तरीही नुसत्या भिंगाने 'नॉर्थ अमेरिका' न्हावऱ्यातून क्वचितच पटतो. नेत्रिकेच्या तळाला गाळणी फिरवून बसवली की चित्र बदलतं. ही गाळणी म्हणजे बोटभर रुंदीची काचेची चकती. दिवसा हातात धरली तर आरशासारखी चमकते. मंडळी तिला 'ओ-थ्री' म्हणतात. दोनदा आयनीभूत झालेल्या ऑक्सिजनच्या हिरवट रेषा, मुख्यतः ५००.७ नॅनोमीटरची, ती आत सोडते आणि बाकीचं जवळजवळ सगळं अडवते. तारे मंदावतात, पार्श्वभूमीचा करडा उजेड बुडतो आणि 'व्हेल'ची पूर्वेकडची कमान, नजर थोडी बाजूला ठेवली की, हलकेच वर येते. अंधाराला सरावलेला डोळा ५०७ नॅनोमीटरच्या आसपास सगळ्यात तीक्ष्ण असतो. ऑक्सिजनची रेषा त्याला लागूनच पडते. तेजोमेघातला तांबडा, हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा प्रकाश मात्र याच डोळ्याला जवळपास दिसतच नाही.

या हिरव्या रेषेचं पुण्याशी जुनं नातं आहे. १८८० च्या दशकात भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींच्या देणगीतून पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झालेल्या संस्थेत, त्यांच्याच नावाची वेधशाळा उभी राहिली. प्रमुख होते कावसजी दादाभाई नायगामवाला. तेजोमेघांच्या वर्णपटातली ठळक हिरवी रेषा विल्यम हगिन्स यांनी १८६४ मध्ये पाहिली होती आणि ती कोणत्या मूलद्रव्याची यावर लंडनमध्ये वाद पेटला होता. नॉर्मन लॉकयर म्हणत, हा मॅग्नेशियमचा प्रकाश. त्यांच्या उल्कासिद्धांतासाठी तसं असणं सोयीचं होतं. रेषा मॅग्नेशियमच्या पट्ट्याची असती तर एका बाजूला विरत गेलेली दिसायला हवी होती. नायगामवाला यांनी मृगातल्या तेजोमेघाचा वर्णपट पुण्यातून घेतला. ती रेषा त्यांना सर्व परिस्थितींत काटेकोर, तीक्ष्ण दिसली, आणि १८९१ मध्ये हे निरीक्षण लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात छापून आलं. लॉकयर हे त्या काळचं मोठं प्रस्थ. पुण्यातल्या प्राध्यापकाने जे दिसलं ते लिहिलं.

मॅग्नेशियम नाही, मग काय? 'नेब्युलियम' नावाचं नवंच मूलद्रव्य मानण्यावाचून तेव्हा गत्यंतर नव्हतं. १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी उलगडा केला: हा आपला ओळखीचा ऑक्सिजनच, फक्त इतक्या विरळ अवस्थेतला की ती पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत साधत नाही. अणू एकमेकांवर आदळायच्या आत निवांतपणे प्रकाश टाकतो, म्हणून ही रेषा उमटते. नायगामवाला १९१२ मध्ये निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि उपकरणं कोडाईकनालला गेली. पुण्याच्या शास्त्रीय इतिहासातलं हे पान फार कमी पुणेकरांना ठाऊक आहे. त्यांनी मोठ्या परावर्तक दुर्बिणीला वर्णपटदर्शक जोडून जी रेषा तपासली, तीच आज बोटभर चकती वेगळी काढून देते.

या चकतीचा आणखी एक गुण दुकानदार सांगत नाहीत, कारण त्यात त्यांचं नुकसान आहे. स्वस्त आखूड अपवर्तकाची, म्हणजे भिंगाच्या दुर्बिणीची, बदनामी असते ती रंगदोषामुळे. दोन साध्या काचांचं भिंग सगळ्या रंगांचा प्रकाश एकाच जागी आणू शकत नाही, म्हणून व्याधाभोवती जांभळं वलय दिसतं, चंद्राची कड पिवळी-निळी होते. हे टाळायला महागडी विशेष काच लागते आणि किंमत कितीतरी पट होते. पण गाळणीने प्रकाश एकाच रंगाचा ठेवला, तर रंग फाकणार कुठून? कॅमेऱ्याविना, डोळ्यानेच मोठे तेजोमेघ पाहायचे असतील तर स्वस्त भिंग आणि चांगली गाळणी घ्यावी. महाग भिंग आणि गाळणी नाही, हा सौदा मला उलटा वाटतो. आमच्यातल्या अनेकांना हे पटत नाही, आणि त्यांच्याकडची यंत्रं माझ्याहून देखणी असतात.

आपल्याकडच्या हौशी परंपरेत अपवर्तकाला मान तसा उशिराच मिळाला. पुण्यातली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून चालू आहे. पुढे आयुकाने दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा घेतल्या. या सगळ्यात माणसं रमली ती काच घासून आरसा तयार करण्यात. सहा इंची आरसा जिद्दीने घरी होतो. रंगदोषरहित भिंग घरी होत नाही, ते विकतच घ्यावं लागतं. त्यामुळे 'नळी' ही पैशाची आणि 'आरसा' हा कष्टाचा, असा एक सुप्त भेद राहिला. तो मोडला कॅमेऱ्याने.

छोट्या भिंगाने मोठे तेजोमेघ टिपायचं काम जुनंच आहे. १८९४ मध्ये एडवर्ड बर्नार्ड यांनी अमेरिकेतल्या माउंट हॅमिल्टनवर, जिथे ३६ इंची अजस्र भिंगाची दुर्बीण आहे तिथेच, साध्या प्रोजेक्शन कंदिलाचं जेमतेम दीड इंची भिंग वापरून मृगाचं छायाचित्र घेतलं. खगोलशास्त्रज्ञ पिकरिंग यांना काही वर्षं आधी दिसलेली, मृगाला वेढणारी भलीमोठी कमान त्यात उतरली. आज ती बर्नार्ड यांच्या नावाने ओळखली जाते. ती दहा अंशांहून मोठी आहे, ८० मिलिमीटरच्या नळीतही मावत नाही.

आजचा हौशी छायाचित्रकार तेच करतो, फक्त यंत्रं पालटली. कॅमेऱ्याच्या संवेदकापुढची तांबडा प्रकाश अडवणारी काच काढून घेतली की हायड्रोजन मोकळेपणाने उतरतो. ययातीतला 'कॅलिफोर्निया' किंवा काक्षी आणि प्रश्वा यांच्या मधला 'रोझेट' डोळ्याला रडवतात, पण पाच-पाच मिनिटांची छायाचित्रं रात्रभर घेऊन एकावर एक रचली की पडद्यावर लालभडक उगवतात. त्यासाठी ताऱ्यांच्या गतीने फिरणारा माउंट लागतो आणि त्याचा अक्ष ध्रुवाकडे नेमका रोखावा लागतो. आपल्या अक्षांशावर ध्रुव क्षितिजापासून साडेअठरा अंशच वर असतो. दहा-अकरा फुटी उसाचा फड उत्तरेला वीस फुटांच्या आत आला तर ध्रुव पानांत बुडतो. म्हणून जागा निवडताना आधी उत्तर बघायची, मग बाकीचं.

दुसरा शत्रू दव. पाणी दिलेल्या उसाशेजारी थंडीतली हवा जड असते आणि मध्यरात्रीनंतर भिंग आंधळं होतं. नळीच्या तोंडाशी दवाचं टोपरं असतंच. शिवाय भिंगाभोवती बॅटरीवर चालणारी उबदार पट्टी गुंडाळावी लागते. ती विसरली तर रुमालाने पुसू नये. काचेवरचा लेप जातो आणि दव दोन मिनिटांत परत येतं.

पावसाळा आमचं सगळ्यात मोठं देणं बुडवतो. आकाशगंगेचा गाभा, धनूतला 'लगून' तेजोमेघ आणि त्याचे शेजारी जुलैच्या रात्री दक्षिणेला वर येतात, तेव्हा वर नुसते ढग. मग एप्रिल-मेच्या पहाटे त्यांना गाठायचं, धुळीतून आणि उकाड्यातून. पण निसर्गाने दुसऱ्या बाजूने भरपाईही केली आहे. मार्चअखेर, रात्री साडेदहा-अकराला, दक्षिणेला नौकातलमधला महातेजोमेघ क्षितिजापासून बारा अंशांवर येतो. मृगातल्यापेक्षा तो आकाराने मोठा. युरोपातल्या बहुतेक निरीक्षकांना आयुष्यभर दिसत नाही, आणि घाटातल्या डोंगराआडूनही नाही. त्यासाठी न्हावऱ्यासारखं सपाट रानच हवं.

न्हावऱ्याच्या शेजारी, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पंधराएक वर्षं तिथे उत्खनन करून इसवीसनपूर्व सुमारे १६०० ते ७०० पर्यंतची शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. 'लगून'चा जो प्रकाश आज नेत्रिकेत पडतो तो तिथली पहिली झोपडी उभी राहण्याआधी निघाला होता. 'व्हेल'चा निघाला तेव्हा ती वस्ती उठून गेली होती.

आकाश दरवर्षी थोडं थोडं कमी होतंय. पूर्वीच्या सोडियम दिव्यांचा पिवळा प्रकाश एका ठरावीक पट्ट्यात असे, गाळणी तो सहज अडवी. पांढऱ्या एलईडीचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला. ऑक्सिजनच्या रेषेशेजारूनही तो आत शिरतो. चौकाचौकांत हायमास्ट उभे राहतायत आणि बिबट्याच्या गावात उजेड नको असं कोण म्हणेल? मीही म्हणणार नाही. दिव्यावर झाकण घालून उजेड खाली, रस्त्यावर पाडता येतो, तो आभाळात फेकायची गरज नसते. हे करून दाखवलेलं ठिकाण महाराष्ट्रातच आहे. पेंच व्याघ्रप्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. तिथे आसपासच्या गावांतले दिवे बदलून खाली वळवले गेले. शिरूर-दौंडमध्ये एवढं होईल असं मला वाटत नाही. एखाद्या ग्रामपंचायतीने चार दिवे खाली वळवले तरी दक्षिण क्षितिज वाचेल.

दिवाळी अमावास्येला धरून येते. लक्ष्मीपूजनाची रात्र चंद्राविना असते, पण धुराने आणि फटाक्यांच्या उजेडाने वाया जाते. भाऊबीजेनंतर चंद्र रोज वाढत संध्याकाळ खाऊ लागतो. खरी संधी वसुबारसेच्या आसपासच्या दोन-तीन संध्याकाळची. चंद्र पहाटेपर्यंत उगवत नाही आणि फटाके अजून सुरू झालेले नसतात. साडेसातला हंस बरोबर माथ्याच्या उत्तरेला असतो, 'व्हेल' जवळजवळ डोक्यावर आणि 'नॉर्थ अमेरिका' त्याच्या थोडा खाली. 'लगून' नैर्ऋत्येला तीसेक अंशांवर, पण त्या बाजूला पुणं आहे, म्हणून आधी तोच उरकावा. नळी उभी करताना काटकोनी आरसा लावायला विसरू नये, नाहीतर माथ्यावरचं पाहताना मान मोडते. गाळणी शेवटी बसवायची, आधी नुसत्या नेत्रिकेने जागा सापडू द्यायची. जेवायला घरी पोचायचं असेल तर नऊपर्यंत आवरता येतं. मृगासाठी थांबायचं असेल तर मात्र सोबत कुणीतरी हवं.